बँजोच्या पोटातली टोपी

१२ मे, रविवार. सकाळी भुरभुर, दुपारी पश्चिमेचा वारा.

नातीच्या बाप्तिस्म्याच्या पार्टीत वाजवायचं होतं, म्हणून सकाळी सातला बँजोवर हात फिरवून घ्यावा असं ठरवलं. बाळ झोपलेलं. आणि बँजो म्हणजे पत्र्यावर गारा (हे मत बायकोचं, नुआला मँडोलिन वाजवते, त्यामुळे तिला मतं आहेत). तेव्हा सगळे बँजोवाले करतात तेच केलं. आवाज दबावा म्हणून मागच्या उघड्या पोकळीत कापड कोंबलं. इस्त्रीच्या ढिगातलं, पांढरं, मऊ. चष्मा वरच्या मजल्यावर होता.

नऊला सासूबाई किंचाळल्या, "टोपी कुठाय?"

त्यांच्या आजीने विणलेली, रेशमी फितीची लेसची टोपी! चार पिढ्यांचे बाप्तिस्मे तिच्यात झाले होते. मी कोंबड्यांच्या खुराड्यातसुद्धा शोधली. वर बोलून गेलो, "कन्सेप्टाने नेली असेल तिच्या घरी लिमरिकला."

कन्सेप्टा, माझी मेहुणी, मागेच उभी होती. "हो का मॅलकी? तपास माझी बॅग!"

"तपासाच," सासूबाई म्हणाल्या.

बॅगेत काही निघालं नाही. नातीचा बाप्तिस्मा चहाच्या किटलीवरची लोकरी टोपी घालून झाला. सासूबाईंनी धाकट्या लेकीशी बोलणं टाकलं.

दुपारी पबमध्ये पार्टीला नुआलाने धून धरली, मी बँजो, सासूबाई कन्सर्टिना, म्हणजे हातातली भात्याची छोटी पेटी. आमच्या आयरिश क्लेअर परगण्यात धून तीनदा वाजते आणि मध्येच कोणी थांबवत नाही. छप्पर कोसळलं तरी फेरी पुरी करून मग पळायचं. दुसऱ्या फेरीत माझ्या गुडघ्यावर काहीतरी वळवळलं. रेशमी फीत. बँजोच्या पोटातून.

"मॅलकी," नुआला हात न थांबवता म्हणाली, "ते काय?"

"फीत."

"कशाची?"

"तिसरी फेरी होऊ दे."

सासूबाईंनीही पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला, पण भाता हलतच राहिला. उभा पब माझ्याकडे बघतोय आणि आम्ही वाजवतोय! माझं आयुष्य एवढंच उरलंय असं समजून मी शेवटची फेरी जमेल तितकी सावकाश वाजवली.

धून संपली. सासूबाईंनी बँजोत हात घालून टोपी ओढून काढली.

"आई, अजून चाचप," कन्सेप्टा म्हणाली, "चांदीचे चमचेही निघतील!"

मायलेकी खदखदून हसल्या. जीव भांड्यात पडला म्हणून मी लगेच पुढची धून धरली, कापडाशिवाय, दणक्यात. पाचव्या स्वराला सासूबाईंनी हात वर केला.

"थांबा, जावईबापू."

सगळे थांबले. त्यांनी गळ्यातला मफलर काढून बँजोत कोंबला.

सहा वाजेपर्यंत चौदा धुना झाल्या. मफलर आतच होता.