मयुरीची दाढ आणि निरंक अहवाल

चोपडा तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत तिसरीतल्या मयुरीची दाढ किडली होती. शालेय दंतपथकाच्या डॉक्टरांनी मुख्याध्यापिका प्रमिलाबाईंना सांगितलं, "दाढ दुधाची नाही, कायमची आहे. पुढच्या मंगळवारी गाडी येईल तेव्हा भरून टाकू. महिना गेला तर काढावीच लागेल."

सोमवारी सीमेवर युद्ध सुरू झालं. सीमा शेकडो किलोमीटर दूर होती, पण तेवढ्यावर गाफील राहणारा जिल्हा हा नव्हे. दातांच्या गाडीत जनरेटर होता, म्हणून ती नागरी संरक्षणासाठी ताब्यात घेण्यात आली. टपावर भोंगा बसला. खुर्ची काढायला वेळ नव्हता, तेव्हा तीत एक होमगार्ड पाय लांबवून बसू लागला.

ती गाडी शाळेत आली, पण सरावासाठी. भोंगा वाजला की मुलांनी बाकाखाली शिरायचं आणि दातांत रुमाल घट्ट धरायचा. मयुरीने तो एकाच बाजूने धरला, म्हणून सराव दोनदा घ्यावा लागला.

चौथ्या दिवशी युद्ध थांबलं. गाडी फिरतच राहिली.

मयुरीचा बाप लोटन केळीचे घड उतरवता उतरवता तसाच शाळेत आला. "बाई, पोर रातभर रडस. दातनी गाडी कव्हय येई?"

"युद्ध आहे, लोटनभाऊ."

"लढाई ते थांबनी ना? टीव्हीवर दखाडं."

"टीव्हीवर थांबली. पत्र आलेलं नाही."

असं तीन आठवडे सांगून झाल्यावर चौथ्या आठवड्यात बाई स्वतः तालुक्याला गेल्या. तिथले अधिकारी कुंदनराव शांत माणूस. "गाडी घेतल्याचा आदेश आहे, परत द्यायचा नाही. शाळांना अडचण आहे असं दिसलं तर वर लिहिता येईल." त्यांनी फाइल उघडली. "दर सोमवारी आपण माहिती मागवतो. युद्धामुळे दंतसेवा न मिळालेले विद्यार्थी. तुमची शाळा. निरंक, निरंक, निरंक, निरंक."

अक्षर बाईंचंच होतं. वीस वर्षांचा अनुभव असा, की आकडा लिहिला की नावांची यादी, तीन प्रती आणि फोटो मागतात. निरंक लिहिलं की कुणी काही विचारत नाही.

"आज एक लिहून देते," बाई म्हणाल्या.

"द्या की. मग आधीचे चार खोटे होते असंही लिहावं लागेल. खाली सही तुमचीच." कुंदनरावांनी चहा मागवला. "निवृत्तीला किती राहिली, ताई?"

"दोन वर्षं."

चहा गोड होता. बाईंनी तो संपवला.

पुढच्या सोमवारी मयुरी गालात कापूस धरून वर्गात आली. आदल्या दिवशी लोटनने चोपड्याला नेऊन दाढ काढून आणली होती.

"बाई, ही परत येईल ना?"

"बस जागेवर," बाई म्हणाल्या. समोर नवा तक्ता होता. त्यात जुना रकाना जाऊन नवा आला होता: दातदुखीची सध्या तक्रार असलेले विद्यार्थी. बाईंनी मयुरीकडे एकदा पाहिलं आणि निरंक लिहिलं. पाच अहवालांत हा पहिलाच खरा होता.

पंधरवड्याने पेपरात चौकट आली: 'युद्धकाळातही जिल्ह्यातील शालेय दंतसेवा अबाधित.' ती आपण सकाळच्या चहाबरोबर वाचली. बरं वाटलं. मग पान उलटलं.