साडेतीन तासांचा तुकडा

उपळेकर सरांनी आपली दुपार पाण्याच्या धारेने कापून घेतली. पात्याने दुपार कापत नाही, फाटते. लेसरने कापली तर कड जळते आणि पुढची संध्याकाळ करपट लागते. म्हणून कोल्हापुरात लोक उद्यमनगरातल्या वॉटरजेटवाल्यांकडे जातात.

सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. पत्नी जाऊन दोन वर्षं झाली होती. सकाळ पेपर आणि आंघोळीत जाई, संध्याकाळी बातम्या असत. दुपार मात्र संपता संपत नसे. तिची गुंडाळी काखेत मारून ते मशीन चालवणाऱ्या शिरगुप्पेबाईंपुढे उभे राहिले.

"कुठून कुठवर कापायची?"

"दीड ते पाच."

"सगळीच? लोक अर्धा-पाऊण तास काढतात, सर." बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. "त्या वेळात घरी कोण येतं त्यांची नावं लिहा. त्यांना कळवावं लागतं."

सरांनी पेन उघडलं. मग 'कोणी नाही' असं लिहून त्यांनी सही केली.

वाळू मिसळलेली केसाएवढी धार दीडवर उतरली, मग पाचवर. मधला तुकडा बाईंनी हलवून सुटा केला.

"हा घेऊन जा."

"मला नको."

"मग नाव टाकून रॅकवर ठेवते."

त्या दिवसापासून सर जेवून हात धुवायला उठत आणि नळ बंद करेपर्यंत पाच वाजलेले असत. बरं चाललं होतं. नवव्या दिवशी दाराच्या कडीला पेरूंची पिशवी अडकवलेली दिसली. आत चिठ्ठी होती.

'दादा, तीन वाजता आले. दार उघडं, पण तू घरात नाहीस. साडेचारपर्यंत पायरीवर बसले. गेल्या मंगळवारीही येऊन गेले. गुडघे दुखतात, आता परत जमेलसं वाटत नाही. इंदू.'

इंदू त्यांची धाकटी बहीण. निपाणीला राहायची. सहा वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं.

सर तसेच कारखान्यात गेले. "जोडून द्या."

"जोडायचं काम आमच्याकडे होत नाही. शिवाय दोन्ही टोकांची दोन-दोन मिनिटं धारेबरोबर गेली. दुपार अशीच सुटी वापरता येईल, पण एकदाच. उलगडली की परत गुंडाळता येत नाही."

निपाणीच्या एसटीत कंडक्टरने काखेतल्या गुंडाळीकडे बघून विचारलं, "काय आहे?"

"दुपार."

"ओली दिसतेय. वर नको, पायापाशी ठेवा."

इंदूच्या दारात पोचल्यावर सरांनी आधी तुकडा पायरीवर उलगडला. गल्लीत सातला दहा कमी होते. पायरीवर एक वाजून बत्तीस मिनिटं झाली आणि ऊन पडलं. मग त्यांनी दार वाजवलं.

शेजारच्या बाई बाहेर आल्या. "इंदूताई कोल्हापूरहून परस्पर लेकीकडे गेल्यात, बेळगावला. कधी येणार ते बोलल्या नाहीत."

"बरं," सर म्हणाले आणि उन्हात बसले.

बाई आत गेल्या आणि थोड्या वेळाने बादली घेऊन आल्या.

"कडेला माझे चार कपडे टाकू का? सकाळपासून वाळले नाहीत."

"टाका की," म्हणत सर एका बाजूला सरकले. पाच वाजायला अजून बराच अवकाश होता.