वामनदादांचा शिंदीचा गूळ

आमच्या शेजारचे वामनदादा झाडाजवळ कधी मोठ्याने बोलत नाहीत. एरवी त्यांचा आवाज लोणारच्या बसस्टँडपर्यंत जातो. पण शिंदीच्या झाडाखाली उभे राहिले की माझ्या कानात कुजबुजतात. "हळू बोल बे गजू. झोपीत हाये ते."

दादा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाले, तरी गाडी काही डोक्यातून उतरली नाही. जेवण झालं की "टाकी फुल". माघात भल्या पहाटे अंगणात येऊन ओलं बोट वाऱ्यात धरतात आणि जाहीर करतात, "थंडी अजून स्टँडवरच उभी हाये. शिवरात्रीबिगर सुटत नाही."

यंदा मात्र त्यांना त्या थंडीची गरज पडली. माझ्या शेतातल्या नाल्याकाठी शिंदीची झाडं आहेत. त्यांची नीरा काढून गूळ करायचा, असं दादांनी ठरवलं. जन्मात कधी झाडावर न चढलेला माणूस. सुलतानपूरच्या एका म्हाताऱ्याकडून शिकून आले. शेंड्याखाली खाच पाडायची, रस ओघळायला तिच्यात बांबूची चिप खोचायची, संध्याकाळी आतून चुना लावलेलं मडकं बांधायचं आणि ऊन पडायच्या आत उतरवायचं. ऊन लागलं की नीरा आंबते, मग गूळ होत नाही. "सूर्याच्या आधी गाडी डेपोत लागली पाहिजे," दादा म्हणत.

शिडी धरायला मी. लोणारच्या तळ्यातून धुकं वर यायचं आणि काठावर रेंगाळायचं. अर्धं शेत दिसायचं, अर्धं नाही. वर मफलर गुंडाळलेले दादा, आणि मडक्यात थेंब पडल्याचा आवाज, सावकाश, एकेक. वाटायचं, आपण दोघं अजून अंथरुणातच आहोत आणि हे कुणी तिसराच स्वप्नात बघतोय.

गावाला भलताच वास लागला. एकदोघे ग्लास घेऊनच आले. दादांनी त्यांना ताजी नीरा पाजली. एकजण बराच वेळ वाट बघून म्हणाला, "दादा, हे तं चढतच नाही."

"नाही चढत. म्हणून तं शिडी लावली."

पहिल्यांदा रस कढताना उतू गेला. दुसऱ्यांदा नुसता चिकटा झाला, तो मुंग्यांनी नेला. मग थंडी ओसरू लागली. एका सकाळी मडक्यावर फेस दिसला. दादांनी वास घेतला आणि शिडीच्या पायरीवर तसेच बसून राहिले.

"जाऊ द्या दादा," मी म्हणालो. "बाजारातून गुळाची ढेप आणू."

"आणला होता बे. मथुरेनं थुकून देल्ला."

मथुरावहिनी, म्हणजे दादांची बायको, दिवाळीपासून आजारी होत्या. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. दादांना उठता-बसता बोलणारी बाई भिंतीकडे तोंड करून पडून असायची. ना खाणं, ना बोलणं.

"लहानपणी माहेरी, बीबी गावाले, शिंदीचा गूळ खात जाये," दादा म्हणाले. "नवं लगन होतं तवा एकदाच बोलली होती. आता तेवढंच उरलं हाये माह्यापाशी."

मी शिडी घट्ट धरून राहिलो.

दोन दिवसांनी वारा फिरला आणि पुन्हा हुडहुडी भरली. त्या पहाटे नीरा काचेसारखी निघाली. दादांनी अंगणात चूल मांडली आणि दुपारपर्यंत कढईपाशी बसून राहिले. गूळ झाला, काळपट, ओबडधोबड, पण झाला. बशीत खडा घेऊन ते वहिनींजवळ गेले. मी दारातच थांबलो.

वहिनींनी खडा तोंडात घातला. बराच वेळ डोळे मिटून चघळत राहिल्या.

"करपला," त्या म्हणाल्या. "कढई सोडून कुठं गेलते?"

"इथंच होतो."

"मंग हात काऊन नाही हलवला? बुडाले लागू देल्ला सारा." त्यांनी दुसरा खडा उचलला. "आच कमी करा लागते. एकसारखं ढवळा लागते. तुम्हाले काही सांगून फायदाच नाही."

दादा खाटेपाशी जमिनीवर बसले. त्यांनी बशी वहिनींच्या हाताजवळ सरकवली.

"सांग," ते म्हणाले. "अजून सांग."