बाबांनी रेकॉर्डवर इस्त्री फिरवली त्याची गोष्ट

एखाद्याला संगीत आवडतं की नाही, हा प्रश्न तसा गौण आहे. ते त्याला पहिल्यांदा कधी, कुठे आणि कोणाच्या नाकावर टिच्चून आवडलं, हा खरा प्रश्न. याच तत्त्वावर पंक व गॅरेज रॉक रसिक मंडळाची स्थापना झाली आणि याच तत्त्वावर ते आजतागायत सुरळीत चालू आहे. (पंक म्हणजे बंडखोरांचं आरडाओरड्याचं संगीत, त्यात काहीच सुरळीत चालता कामा नये, असा एक आक्षेप मंडळाकडे आला होता. तो योग्य त्या उपसमितीकडे पाठवण्यात आला आहे.)

मंडळ दर शनिवारी संध्याकाळी मोटारी दुरुस्त करण्याच्या एका गॅरेजात भरतं. गॅरेज रॉकला गॅरेज हवंच, असा ठरावच झाला होता. ग्रीसचे डाग जमिनीवर ठेवले, खुर्च्यांवरचे मात्र पुसून घेतले. पहिल्या महिन्यात गॅरेजच्या मालकानं भाबडेपणानं विचारलं, "अहो, गाणी कधी लावणार?" वेळ उरला तर लावू, असं त्याला सांगण्यात आलं. वेळ अजून उरलेला नाही. कारण सभेचं कामकाज एकच असतं. एकानं उभं राहून 'मला पंक कसं कळलं' ते सांगायचं आणि बाकीच्यांनी डोळे मिटून माना हलवायच्या.

सांगण्याचे नियम मोजकेच. घरातल्या वडीलधाऱ्यांचा कडाडून विरोध झालेला असावा, एखाद्या वस्तूचा समूळ नाश झालेला असावा, आणि त्यानंतर सांगणाऱ्याचं आयुष्य पूर्वीसारखं राहिलेलं नसावं. ज्यांचं आयुष्य पूर्वीसारखंच राहिलं, त्यांच्यासाठी 'श्रोता सदस्य' हा वेगळा वर्ग आहे. त्यांना स्टूल मिळतं. वार्षिक अहवालात म्हटल्याप्रमाणे पूर्ण सदस्यांपैकी ब्याऐंशी टक्के लोकांच्या वडिलांनी टेपरेकॉर्डर फोडला, अकरा टक्के लोकांच्या वडिलांनी गिटार फोडली आणि उरलेल्यांच्या वडिलांनी दोन्ही. त्या काळात आपल्या शहरात जेवढे टेपरेकॉर्डर विकले गेले, त्याहून जास्त फोडले गेले दिसतात, असं एका श्रोता सदस्यानं बोलून दाखवलं होतं. तो हल्ली येत नाही.

पूर्ण सदस्य झालं की टोपणनाव मिळतं. अध्यक्षांचं टोपणनाव 'भोंगा'. त्यांची रक्त-लघवी तपासण्याची प्रयोगशाळा आहे. 'काडतूस' हे बँकेत गृहकर्जाच्या विभागात असतात आणि समोरच्याला "बसा ना" म्हटल्याशिवाय बोलत नाहीत. 'ठिणगी' या बालवाडीच्या मुख्याध्यापिका. व्यवस्थेविषयी तिघांच्याही मनात जबरदस्त चीड आहे. ती शनिवारी साडेसहानंतर व्यक्त होते.

आपला माणूस स्टुलावर बसायचा. बाजारपेठेत त्याचं चष्म्याचं दुकान होतं. लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून 'आता बरं की मघाशी बरं?' असं विचारण्यात त्याचं आयुष्य चाललं होतं. स्वभाव सरळ. पंक त्याला जीव लावून आवडायचं, ते अगदी लहानपणापासून. अडचण होती ती त्याच्या खऱ्या गोष्टीची. ती कुठे सांगण्यासारखी नव्हती.

खरी गोष्ट अशी. त्याचे बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे. त्यांनी एकदा व्हायोलिनची रेकॉर्ड विकत आणली. घरी आणून लावली तर आतून चार पोरं बोंबलायला लागली. वेष्टणात भलतीच रेकॉर्ड भरली गेली होती. परत केली तर दुकानातल्या नोकराला बोलणी बसतील म्हणून बाबांनी ती परत केली नाही, आणि पूर्ण ऐकल्याशिवाय मत बनवणं बरं नव्हे म्हणून दोन्ही बाजू ऐकल्या. मग म्हणाले, "दिवसभर मोजून मोजून डोकं उठतं. यांनी काहीच मोजलेलं नाही. बरं वाटतं."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी बाबा आठवड्याचे शर्ट इस्त्री करायला काढत आणि ती रेकॉर्ड लावत. मुलगा टेबलाखाली बसून ऐकायचा. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, तो शिव्या देणारा येऊ दे की परत!" मग बाबा सुई उचलून मागे ठेवायचे. बस्स. विरोध नाही, नाश नाही, आदळआपट नाही. संपूर्ण बालपणात एक टेपरेकॉर्डर फुटला असेल तर शपथ.

"सांग की खरं काय ते," बायको म्हणाली.

"वडिलांनीच ऐकवलं म्हणून सांगू? पंक?"

"मग काय झालं?"

"उद्या म्हणशील, आईनं डब्यात भरून दिलं म्हणून सांग."

"तुला आवडतं ना? मग ऐक की गप घरी बसून."

पण स्टुलाला पाठ नसते, आणि पन्नाशीला आलेल्या माणसाची कंबर हा काही तत्त्वांचा विषय नव्हे. पुढच्या शनिवारी अध्यक्षांनी "आणखी कोणी?" असं विचारलं तेव्हा तो उभा राहिला.

सुरुवात त्यानं खरीच केली होती. रविवार, इस्त्री, रेकॉर्ड. पण समोर सगळे डोळे मिटून बसले होते, आणि मिटलेल्या डोळ्यांसमोर माणूस जरा सैल सुटतो. त्याच्या तोंडून निघून गेलं, की रेकॉर्ड त्यानं चोरून आणली होती. बाबा इस्त्री करत होते. त्यांनी दोन ओळी ऐकल्या, रेकॉर्ड उचलली, टेबलावर आडवी ठेवली आणि एक शब्दही न बोलता तिच्यावरून तापलेली इस्त्री फिरवली. आई दाराशी उभी राहून रडत होती. वितळलेल्या रेकॉर्डचा वास अजून नाकात आहे, असं म्हणून तो खाली बसला. आणि आश्चर्य म्हणजे, त्याला तो वास खरोखरच येत होता.

काडतुसांनी चष्मा काढून डोळे पुसले. इतकी वर्षं नुसती फोडाफोडी ऐकून कंटाळलेल्या मंडळाला वितळवणं हा प्रकार नवा होता. तिथल्या तिथे ठराव झाला, त्याला पाठ असलेली खुर्ची मिळाली आणि 'चटका' हे नाव मिळालं.

एवढ्यावर भागलं असतं. पण बाबा त्याच्याकडेच राहत होते. आई जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा दर शनिवारी पंकच्या मंडळात जातो याचं त्यांना भारी कौतुक होतं. "मलाही ने की एकदा," ते म्हणायचे. तो आज पाहुणे आहेत, आज जागा नाही, असं काहीबाही सांगून टाळायचा. शेवटी एका शनिवारी बाबा पत्ता विचारत विचारत स्वतःच येऊन थडकले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत काय आहे ते चटक्यानं तिच्या आकारावरून लांबूनच ओळखलं.

"मी याचा बाबा," ते दारात म्हणाले.

अख्खं मंडळ उठून उभं राहिलं. असा मान आजवर कोणालाच मिळाला नव्हता.

अध्यक्ष पुढे झाले. "म्हणजे इस्त्री फिरवणारे... ते आपणच?"

बाबांनी अध्यक्षांकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं. मुलगा जमिनीवरच्या ग्रीसच्या डागाकडे पाहत होता.

"रेकॉर्डवर," ठिणगीताईंनी आठवण करून दिली. "रविवारी सकाळी."

बाबांनी पिशवी हळूच खुर्चीखाली सरकवली. आयुष्यात एका ग्रॅमचीही लबाडी खपवून न घेतलेला तो माणूस. त्यांनी घसा साफ केला.

"हो," ते म्हणाले. "फिरवली."

"कधी पश्चात्ताप झाला?"

"झाला. इस्त्री वाया गेली."

टाळ्यांनी गॅरेजचं पत्र्याचं छप्पर थरथरलं.

घरी परतताना बाबा म्हणाले, "मध्ये फडकं ठेवलं होतं की थेट फिरवली, एवढं तरी सांगून ठेवायचंस. कोणी विचारलं असतं म्हणजे?"

"बाबा, मी..."

"फार वाईट दाखवलंयस का मला?"

"थोडंसं."

"आणि आई? आई काय करते त्यात?"

"रडते," तो म्हणाला.

बाबा चालता चालता थांबले. "ती?" एवढंच म्हणाले आणि पुन्हा चालू लागले. घर येईपर्यंत पिशवी त्यांनी छातीशी धरली होती.

मंडळाला मात्र बाबांची चटक लागली. ज्याच्याविरुद्ध बंड करायचं असा जिताजागता वडील माणूस मंडळाकडे नव्हताच. बहुतेकांचे वडील वारले होते, आणि जे होते ते मुलांना न्यायला-आणायला गाडी घेऊन बाहेर उभे असत. त्यामुळे दर शनिवारी अर्धा तास 'विरोध सत्र' ठेवण्यात आलं. बाबा खुर्चीत बसायचे, सदस्य एकेक करून समोर यायचे आणि बाबा त्यांना झापायचे. "केस काप." "हा काय अवतार!" "माझ्या घरात हे चालणार नाही." (घर नव्हे, गॅरेज, असं मालक एकदा कुजबुजला. त्यालाही झापण्यात आलं.) काडतुसांना टक्कल होतं, पण त्यांनी केसांचंच मागून घेतलं. सत्रानंतर सदस्यांचे चेहरे उजळलेले दिसत आणि रक्तदाब उतरलेला असे. तो अध्यक्षांनी प्रयोगशाळेतून यंत्र आणून मोजला होता. मंडळाची सदस्यसंख्या दुप्पट झाली.

बाबा इमानेइतबारे झापत होते. तक्रार नव्हती. फक्त आता घरी पंचाईत होऊ लागली, कारण ठिणगीताई नेमक्या समोरच्या इमारतीत राहायला आल्या.

"बाबा, जरा हळू लावा," चटका रविवारी म्हणाला. "समोर ऐकू जातं."

बाबांनी आवाज कमी केला. पुढच्या रविवारी त्यानं खिडकी लावून घ्यायला सांगितलं. मग कानाला लावायचे हेडफोन आणून दिले. पण बाबांना ते लावून इस्त्री करता येईना, वायर शर्टात अडकायची. मग त्यानं ठरवून दिलं, की ऐकायचंच तर ठिणगीताई भाजीला गेल्या की. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस पडद्याआडून समोरच्या बाल्कनीवर नजर ठेवून उभा राहू लागला. बायकोनं हे दोन आठवडे पाहिलं आणि म्हणाली, "तुला ऐकू येतं का रे, तू काय बोलतोस ते?"

त्याला ऐकू येत नव्हतं.

आणि मग एका रविवारी बाबांनी खिडकी सताड उघडली, शर्ट टेबलावर अंथरला आणि रेकॉर्ड लावली. ठिणगीताई बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. चटका आतून धावत आला.

"बाबा! आवाज कमी करा आधी!"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, बटणावर बोट ठेवलं आणि आवाज वाढवला. होता तेवढा सगळा.

"माझ्या घरात हे चालणार नाही!" चटका ओरडला. हे वाक्य आपल्याला कुठून सुचलं, हे कळायच्या आत त्यानं वायर धरून हिसडा मारला. प्लग निघाला नाही. रेकॉर्ड प्लेअर मात्र टेबलावरून आला आणि फरशीवर आदळला. रेकॉर्डचे दोन तुकडे झाले. एक कपाटाखाली गेला.

बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली, गुडघ्यावर बसले आणि कपाटाखाली हात घालून तो तुकडा काढला. दाराशी उभी राहून त्याची बायको रडत होती.

पुढच्या शनिवारी विरोध सत्राची वेळ झाली तेव्हा बाबा खुर्चीतून उठले. "आज झापणार नाही," ते म्हणाले. "आज मला सांगायचंय." आणि त्यांनी सांगितलं. व्हायोलिन, भलतं वेष्टण, शर्ट, शिव्या देणारा परत लावा म्हणणारी बायको, उघडी खिडकी, मुलाचा हिसडा. काही वाढवलं नाही, काही वगळलं नाही. मंडळाच्या इतिहासात सांगितली गेलेली ही पहिली खरी गोष्ट. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळ्यांचे डोळे मिटलेले होते.

"पण ती रेकॉर्ड तर आधीच वितळली होती ना?" एका नव्या सदस्यानं विचारलं.

अध्यक्षांनी खुलासा केला, की कोणतीही वस्तू एकाहून अधिक वेळा नष्ट होऊ शकते आणि मंडळात तसे दाखले भरपूर आहेत. नियम तपासले गेले. वडीलधाऱ्याचा विरोध या अटीत 'घरातल्या कर्त्याचा विरोध' अशी दुरुस्ती झाली. बाबा एकमतानं पूर्ण सदस्य झाले. टोपणनाव त्यांनी घेतलं नाही. त्याऐवजी एक विनंती केली, आणि त्या दिवशी गॅरेजात पहिल्यांदा गाणं लागलं. मालकानं स्वतःचा स्पीकर आणून दिला. दोन गाण्यांनंतर तीन सदस्य डोकं दुखतं म्हणून लवकर घरी गेले.

विरोध सत्राच्या रिकाम्या खुर्चीवर सध्या चटका बसतो. पहिल्या शनिवारी समोर काडतूस येऊन उभे राहिले तेव्हा तो संकोचला होता, पण तोंड उघडल्यावर त्याला एकही शब्द शोधावा लागला नाही. बाबांपेक्षा तो फार चांगलं झापतो, असा सदस्यांचा सर्वसाधारण अभिप्राय आहे. बाबा मागच्या रांगेत बसतात आणि मध्येच शिट्टी वाजवतात.

नवे अर्ज स्वीकारणं चालू आहे. हे वाचता वाचता तुम्हीही मनात तुमची गोष्ट जुळवत आणली असेल आणि तुमच्या वडिलांच्या हातात काहीतरी देऊन ठेवलं असेल. हरकत नाही, तुमच्यासाठी स्टूल आहे. फक्त घाई करा, कारण परवाच एक कॉलेजातली मुलगी येऊन आपली गोष्ट सांगून गेली. तिच्या घरी आवाजावरून काय काय फुटलं, ते ऐकून काडतुसांसारखा माणूस ढसाढसा रडला. आडनाव तिनं तुमचंच सांगितलं.