अमेरिका सुधारायला निघालेले कारखानीसकाका

आमच्या शारजातल्या अल नहदात कुणालाही विचारा, दुबईतलं ऑफिस किती लांब? उत्तर तासांत येतं. लवकर निघालं तर पाऊण तास, नाहीतर देवाची इच्छा. एकटे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले कारखानीसकाका म्हणतात, "एकवीस किलोमीटर." ट्रॅफिकचं काय, म्हटलं तर तो पोलिसांचा विषय, तू अंतर विचारलंस, असं सांगून लिफ्टमधून चालू पडतात. दीड तास जॅममध्ये पिचून आलेल्या बाईला हे ऐकवायला छाती लागते.

काकांचा टाइल्सचा धंदा, गोडाऊन उम्म अल कुवैनला. गिऱ्हाइकाने 'दोन बाय दोन'ची टाइल मागितली की काका म्हणणार, तसली नाही आपल्याकडे. आहे ती सहाशे बाय सहाशे मिलिमीटर. टाइल तीच, खोकं तेच; पण गिऱ्हाइकाच्या तोंडून 'सहाशे' निघाल्याशिवाय खोकं जागचं हलत नाही. "हबीबी, मापात बोला," हे त्यांचं पालुपद. आमच्या चिरंजीवांनी एकदा नवा टीव्ही पंचावन्न इंची आहे म्हणून कौतुकाने सांगितलं, तर काकांनी खिशातून टेप काढला. बाकीच्यांच्या खिशात रुमाल असतो, यांच्या टेप.

इथवर ठीक होतं. पण काकांना सुधारायची होती अमेरिका! त्यांची मुलगी नेहा तिथे असते. तिकडे अजून फूट, इंच नि पौंडच चालतात, आणि तिथल्या लोकप्रतिनिधींनी मनावर घेतल्याशिवाय सगळा देश काही मेट्रिकवर येत नाही, हे कळल्यापासून काकांनी कंबर कसली. आपल्याकडे संध्याकाळचा चहा होतो तेव्हा तिथल्या कचेऱ्या उघडतात. काका कप हातात घेऊन नेहाच्या भागातल्या प्रतिनिधीच्या कचेरीत फोन लावायचे. पलीकडून विचारणा व्हायची, आपण कुठून बोलताय? काका प्रामाणिकपणे शारजा सांगायचे, आणि शारजा आमच्या मतदारसंघात येत नाही, असं ती बाई गोड आवाजात कळवायची. एकदा कुणीतरी तुमचं म्हणणं साहेबांच्या कानावर घालतो म्हणाला, तर काकांनी मजल्यावर पेढे वाटले. मी म्हटलं, पाव किलो आणलेत वाटतं. "अडीचशे ग्रॅम," काका म्हणाले.

मग त्यांनी खरेखुरे मतदार गोळा करायला घेतले. मंडळाच्या गणपतीत आरती झाली की प्रसाद हातावर ठेवता ठेवता विचारायचे, तुमचं अमेरिकेत कोण असतं? मराठी माणसाचं तिथे कुणीतरी असतंच. साडू असो, भाचा असो, त्याने आपल्या प्रतिनिधीला फोन केलाच पाहिजे. माझी नणंद न्यू जर्सीत, आता तिथली नागरिक. काका कधीपासून तिचा नंबर मागत होते आणि मी इन्शाल्ला, इन्शाल्ला करत टाळत होते. नणंदेला आधीच मी अर्धवट वाटते, त्यात ही भर कशाला?

पण मला कोडं पडलं होतं. हे राहणार शारजात. अमेरिकेने इंचात मोजलं काय नि वितीत मोजलं काय, यांचं काय जातं? नवऱ्याचं म्हणणं, काकू गेल्यापासून वेळ खायला उठतो. मला वाटायचं, अमेरिकेचा व्हिसा दोनदा नाकारला, त्याचा हा राग. शेवटी एकदा सरळच विचारलं. काका जरा वेळ टेपशी खेळत बसले.

"इंच फार जाड असतो गं," म्हणाले. बस्स. कप्पाळ कळलं मला.

गेल्या डिसेंबरात नेहा पहिल्यांदाच लेकीला, इराला घेऊन आली. आल्या दिवशीच काकांनी मला हाक मारली. म्हणाले, चष्म्यातून रेघ नीट दिसत नाही, जरा ये. मी कणकेच्या हातांनी तशीच गेले. काका बेडरूमच्या दाराशी उभे होते. चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा, एकीवर एक, आणि प्रत्येकीपुढे सेंटिमीटर. मी विचारलं, कुणाच्या हो या?

"इराच्या. नेहा फोनवर इंचात सांगायची, मी हिला सेंटिमीटर करून इथे उभी करायचो."

इराला चौकटीला टेकवली, डोक्यावर पुस्तक ठेवलं, मी रेघ मारली. आधीची सगळ्यात वरची रेघ बोटभर खाली राहिली. नेहा ओशाळली. मी राउंड फिगर सांगायचे हो बाबा, म्हणाली, आणि ते तर परवाचंच माप. काकांनी त्या दोन रेघांच्या मध्ये बोट ठेवलं.

"बघितलंस? एवढी पोरगी इंचात हरवत होती." मला हसू येईल वाटलं होतं, नाही आलं.

इरा तोवर खाली वाकून सगळ्यात खालची रेघ बघत होती. "हू इज दॅट?"

तूच, काका म्हणाले.

"बट आय वॉज नेव्हर हिअर, आजोबा."

काका गुडघे धरत तिच्याशेजारी खाली बसले. "होतीस की. रोज होतीस. एवढीशी होतीस."

खोटं कशाला सांगू, मी डोळ्यांना पदर लावला, कणकेच्या हातांसकट. घरी आले, हात धुतले आणि नणंदेला फोन लावला. म्हटलं, तुमच्या प्रतिनिधीला फोन कर, देश मेट्रिक करा म्हणून सांग. ती म्हणाली, "वहिनी, बरी आहेस ना? तुझं काय अडलंय त्यावाचून?"

"इंच फार जाड असतो गं," मी म्हटलं.