मऊ खुर्चीकडे

पीएच.डी.च्या व्हायवाच्या दिवशी सकाळी संशोधिकेच्या घशाखाली चहाचा घोटही उतरेना. बाहेरून येणाऱ्या परीक्षकबाईंना सगळे ‘कात्री’ म्हणत, तेही दार लावून. मागच्या खेपेला त्यांच्यासमोरून बाहेर पडलेला एक उमेदवार थेट विमा एजंट झाला होता.

“दोन घास तरी खा,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, पोटात गोळा आलाय. जागा कुठंय?”

“मग मीच येते सोबत. बघायला बसू देतात ना?”

भीतीत एवढी भर पुरेशी होती.

प्रबंध होता एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखिकांच्या कादंबऱ्यांतल्या मूर्च्छांवर. त्या नायिकांना समीक्षक आजवर नाजूक, दुबळ्या म्हणत आले होते. लेखिका इतक्या भोळ्या नव्हत्या, हे दाखवण्यात संशोधिकेची सहा वर्षं गेली होती. नायिका जिन्यावर पडत नाही, स्वयंपाकघरात पडत नाही. दिवाणखान्यात वडीलधारे तिचं लग्न परस्पर ठरवत असताना पडते आणि बरोबर कोचावर पडते. एकीलाही खरचटत नाही. जिला बोलायची मुभा नाही, तिने बैठक मोडायची ही युक्ती. प्रबंधाचं शेवटचं वाक्य होतं : ‘या बायका बेशुद्ध पडत नाहीत, पडायचं ठरवतात.’

कात्रीबाईंनी नेमक्या त्याच वाक्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली होती.

“एकही मूर्च्छा खरी नाही?” व्हायवात त्यांनी पहिलाच प्रश्न केला.

“नाही, मॅडम.”

“भीतीने माणूस खरंच पडू शकतं, हे तुम्हाला मान्य नाही?”

उभ्याउभ्याच संशोधिकेच्या कानात शिट्टी वाजू लागली. तळहात गार पडले. समोरच्या एका पेन्सिलीच्या दोन झाल्या, मग चार. खोलीतल्या सगळ्या खुर्च्या लाकडी होत्या. गुबगुबीत एकच, विभागप्रमुखांची, आणि ते फोन घ्यायला बाहेर गेले होते. संशोधिका तिच्यात कोसळली.

मग तिच्या मार्गदर्शक सरांनी टाळ्या वाजवल्या. “वा! प्रात्यक्षिकासह!” मागच्या रांगेनेही साथ दिली.

त्या आवाजानेच ती शुद्धीवर आली.

“हे नाटक होतं की खरं?” कात्रीबाईंनी विचारलं. “नाटक असेल तर तुम्ही परीक्षकांची थट्टा केलीत. खरं असेल तर हा प्रबंध परत घरी न्या.”

मार्गदर्शक डोळ्यांनी ‘नाटक, नाटक’ असं खुणावत होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून सासूबाई उठल्या. “कसलं नाटक? सकाळपासून पोरीच्या पोटात अन्नाचा कण नाही. आणि टाळ्या काय पिटताय हो?”

सरांचे हात टेबलाखाली गेले. संशोधिकेला पुन्हा अंधारी येऊ लागली. पण ती आधीच खुर्चीत होती. आता पडायलाही जागा नव्हती.

“खरीच पडले, मॅडम,” ती कशीबशी म्हणाली. “मला तुमची फार भीती वाटते.”

पेन्सिल उचलली गेली.

“पण माझ्या पुढ्यात लाकडी खुर्ची होती. ही मऊ पार डावीकडे. अंधारी आली तेव्हा मी वळले, एवढं मला आठवतंय.” तिने प्रबंध पुढे ओढला. “मी वाक्य बदलते. त्यांचीही भीती खरी असेल. कुठे पडायचं, ते मात्र त्या ठरवत होत्या.”

कात्रीबाईंनी जुन्या वाक्यावर काट मारली आणि समासात नवं लिहून घेतलं. “हे आख्ख्या प्रबंधापेक्षा बरं आहे. एवढी दुरुस्ती करा. अभिनंदन.”

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जरा घाईच झाली. विभागप्रमुख आत आले आणि आभाराचे ‘दोन शब्द’ बोलायला दाराला पाठ लावून उभे राहिले. त्यांचे दोन शब्द संपेपर्यंत कॅन्टीन बंद होतं, हा सगळ्यांचा अनुभव. आज त्यांनी विभागाच्या स्थापनेपासून सुरुवात केली.

कात्रीबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग कपाळाला हात लावला आणि डावीकडे पाहिलं. संशोधिका लगबगीने खुर्चीतून उठली. बाई अलगद त्या रिकाम्या खुर्चीत कोसळल्या.

“पाणी! अरे, पाणी आणा कुणीतरी!” मार्गदर्शक ओरडले.

“पाणी राहू दे,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “त्यांची गाडी बोलवा.”