दिल्ली न मानणारे ठाणेदार

आमच्या नव्या कोहळबोडीत राष्ट्रीय महामार्ग ओलांडायला कुणालाही अर्धं मिनिट लागतं. ठाणेदारांना पाच लागतात. ते आधी पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे उभे राहतात, उजवा हात वर करून कोळशाचे ट्रक थांबवतात आणि मोठ्याने सांगतात, "दिल्लीच्या हद्दीतून नाइलाजानं जाऊन राह्यलो. नोंद घ्या." नोंद कुणी घ्यायची हे ठरलेलं नाही. समोरच्या चहाटपरीवर बहुतेक वेळा मीच असतो, म्हणून मी मान हलवतो. मग ते झपाझप पलीकडे जातात आणि मातीवर पाय पडला की सुस्कारा सोडतात.

रस्त्याच्या कडेनं जायचं असेल तर ते बाभळीच्या काट्यांतून जातात. डांबर केंद्राचं आणि कडेची माती गावाची, असं त्यांचं म्हणणं. पायात काटा मोडला तरी डांबरावर बसून काढत नाहीत.

नारायणराव बुरांडे हे त्यांचं नाव मला पोस्टाच्या कामामुळे ठाऊक. गावाला ते ठाणेदारच. तीस वर्षं पोलिसात काढली, शेवटी आमच्याच भागाचे ठाणेदार होते, आणि निवृत्त झाले त्या दिवसापासून त्यांनी केंद्र सरकार मानायचं सोडलं. राज्य सरकार मानतात, कारण पेन्शन तिकडून येते. "गावाच्या वर जिल्हा. जिल्ह्याच्या वर मुंबई. मुंबईच्या वर आभाळ. मधात दिल्ली कुठी हाय? मले दाखवा," असं ते तालुक्याच्या सभेत विचारतात आणि माईक सोडत नाहीत.

रेल्वे केंद्राची, म्हणून बल्लारपूरहून नागपूरला जायचं तर एसटीनं. हवामान खातं केंद्राचं, म्हणून पावसाचा इशारा आला की छत्री मुद्दाम घरी ठेवतात. दरवर्षी दोनदा तापानं फणफणतात, पण छत्री नेत नाहीत. एकदा मी म्हटलं, "ठाणेदार, खिशातल्या नोटा कुणाच्या?" ते क्षणभरही अडले नाहीत. "तो जप्त मुद्देमाल हाय."

आता माझी पंचाईत अशी की मी या गावचा पोस्टमास्तर. माझ्या पडवीत एक टेबल, एक शिक्का, एक लाल पेटी आणि पोस्टानं दिलेलं हातात धरायचं एक यंत्र. म्हणजे ठाणेदारांच्या भिंतीला भिंत लावून केंद्र सरकार राहतं. ते मला नावानं हाक मारत नाहीत. "काय दिल्ली, जेवला का?" असं विचारतात. माझ्या बायकोनं भाजी दिली तर वाटी परत करताना म्हणतात, "दिल्लीनं मीठ जास्त टाकलं." ती मूळची आरमोरीची. तिला याचा अजून राग येतो.

पण खरी गंमत वेगळीच. हा माणूस सरकारविरुद्ध लढतो, पण लढतो पोलिसासारखा. मोर्चा काढायचा तर आदल्या दिवशी स्वतःच्याच नावानं नोटीस लिहितो, की आपल्या हातून शांततेचा भंग होण्याचा संभव आहे, तरी समज देण्यात येत आहे. खाली स्वतःच सही करून पोहोच घेतो. मोर्चात घोषणा द्यायचं सोडून रांग सरळ करत फिरतो. "ए, दोरीच्या आत. बायकांना पुढं जाऊ द्या. तू काऊन हसून राह्यला?" एकदा तहसीलीसमोर घोषणा जरा चढल्या, तेव्हा ठाणेदारांनी आमच्याच दोन माणसांना बाजूला घेऊन बसवून ठेवलं होतं. ड्युटीवरचे पोलीस बिचारे झाडाखाली शेंगदाणे खात होते.

रोज पहाटे ते गावाला गस्त घालतात. हातात काठी, बगलेत वही. पहिल्या घरापासून शेवटच्यापर्यंत दारं मोजतात आणि लिहितात, 'एकशे बारा घरे. सर्व जागेवर.' घरं रात्रीतून कुठे जाणार आहेत, असं मी एकदा चिडवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "गेलेली पाह्यली हायेत मी."

ते खरं होतं, आणि मलाही ठाऊक होतं. आमची जुनी कोहळबोडी जंगलात होती. मोहर्लीच्या वाटेनं आत, दोन तळ्यांच्या मध्ये. तळ्यात मासे, बांधावर धान, आणि वाघ असला तर असला. वाघासाठी गाव उठवायचं ठरलं तेव्हा बंदोबस्ताला हेच बुरांडे ठाणेदार होते. मी तेव्हा गर्दीत, डोक्यावर गादीची वळकटी घेऊन उभा होतो. सगळी घरं रिकामी झाली, पण गिरजाबाई उंबरठ्यावरून उठेना. मासे विकणारी म्हातारी, आवाज असा की तळ्याच्या पलीकडे ऐकू जावा. ठाणेदारांनी दिल्लीहून आलेला कागद उघडला आणि वाचून दाखवलं, की नव्या जागेवर यांना तळं मिळेल, आणि तिथून यांना पुन्हा कधीही उठवलं जाणार नाही. ते ऐकून म्हातारी उठली. तिच्यामागे आम्ही सगळे निघालो.

तळं मिळालं. ते वाक्यही गावात प्रत्येकाला पाठ झालं. लेकीला सोयरीक आली, की पाहुण्यांना सांगतात, आमाले उठवत नाई कोणी, सरकारनं तसं वाचून दाखवलं. दोनच वर्षांनी ठाणेदार निवृत्त झाले आणि चंद्रपूरचं घर सोडून आमच्यात राहायला आले. पहिली दोन वर्षं त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही. ज्यानं उठवलं तोच शेजारी, म्हटल्यावर काय बोलायचं? ते मात्र दारं मोजत राहिले.

आणि गेल्या उन्हाळ्यात कोळसा सापडला.

आमच्या घरांखाली, तळ्याखाली, सोयाबीनखाली. दिल्लीची नोटीस माझ्याच टपालात आली. गावाची जमीन खाणीसाठी घेण्याचा विचार आहे, कुणाला हरकत असेल तर तीस दिवसांत रजिस्टर पोस्टानं कळवावी. मी ती ग्रामसभेत वाचली तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला. माझंही घर त्या एकशे बारांत आहे.

आता ठाणेदार पेटून उठतील असं आम्हाला वाटलं. ते पेटलेच, पण उलटे. "हरकत घ्याची नाई," ते म्हणाले. "हरकत घेतली म्हणजे नोटीस मान्य केली. नोटीस मान्य केली म्हणजे दिल्ली मान्य केली. मी मेलो तरी कागद जाणार नाई." गावानं त्यांचं ऐकलं. कायदा कळणारा दुसरा होता कोण? मी रोज सांगत होतो की दिवस जाऊन राह्यले, आणि ते रोज म्हणत होते, "दिल्ली आपलं टपाल वाढवाले पाह्यते." पंचविसाव्या दिवशी माझा तोल गेला. मी त्यांना भर टपरीवर म्हटलं, "तुमच्या तत्त्वापायी आमची घरं जातील. तुमाले काय, तुमचं चंद्रपूरले घर हाय." ते उठले. चहा तसाच ठेवून काट्यांतून निघून गेले.

एकोणतिसाव्या दिवशी संध्याकाळी गिरजाबाई त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. भिंतीला भिंत असल्यानं मला सगळं ऐकू आलं.

"ठाणेदार, उद्या शेवटचा दिवस हाय म्हणते पोस्टमास्तर."

"हाय."

"मंग तुमी कागद लिहून राह्यले का मी बोटानं मातीत लिहू?"

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी तळ्याच्या पाळीवर टेबल मांडलं आणि एकेका घराला बोलावून हरकती लिहायला घेतल्या. हरकती कसल्या, जबाबच ते. प्रत्येक कागदाची सुरुवात 'विचारल्यावरून सांगतो की' अशी. 'सदर इसम नामे शासन याने माझे राहते घर नेण्याचा इरादा दर्शविला.' एका शेतकऱ्याच्या हरकतीत त्याच्या दोन बैलांचं रंगासकट आणि शिंगांसकट वर्णन होतं, चोरीला गेल्यासारखं. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाले, "उद्या ओळख पटवाले लागते." दीड वाजेपर्यंत एकशे बारा कागद झाले.

चारला टपालाची थैली जाते. प्रत्येक पाकीट यंत्रात नोंदवायचं, नोंदवलं की पावती, आणि त्या पावतीवरची तारीख हीच खरी. मी यंत्र सुरू केलं. पडद्यावर एक गोल फिरू लागला आणि फिरतच राहिला. रेंज नव्हती. पडवीत नव्हती, अंगणात नव्हती, शाळेच्या ओट्यावर नव्हती. अडीच वाजले. लोक माझ्याकडे बघत होते.

"रेंज कुठी येते?" ठाणेदारांनी विचारलं.

मला सांगायची लाज वाटली. "महामार्गावर. पुलाजवळ."

ते दोन पावलं मागे सरकले. मग स्वतः माझं टेबल उचललं.

त्या दुपारी ठाणेदार सव्वा तास राष्ट्रीय महामार्गावर उभे होते. पुलाच्या कठड्याला मी टेबल लावलं होतं, माझ्यामागे अख्खं गाव रांगेत, आणि अर्धा रस्ता आम्ही खाल्लेला. कोरपन्याकडून सिमेंटचे ट्रक, इकडून कोळशाचे. ठाणेदार मधोमध उभं राहून एका हातानं ट्रक थांबवत होते आणि दुसऱ्या हातानं रांग मागे ढकलत होते. एक ड्रायव्हर ओरडला, "बुढऊ, रस्ता तुम्हारे बाप का है क्या?" मला वाटलं आता हे म्हणणार, दिल्लीच्या बापाचा. पण ते फक्त म्हणाले, "पाच मिनिट थांब ना बाबा. घरं हायेत लोकायची." शिवी नाही, 'नोंद घ्या' नाही. मला भीती वाटली ती तेव्हा.

चाळीस पाकिटं झाली. सत्तर झाली. मध्ये एकदा यंत्र बंद पडलं आणि रांगेत कुणीतरी रडू लागलं. पावणेचारला एकशे बारावी पावती निघाली, ती गिरजाबाईची. थैली न्यायला आलेला माणूस मोटरसायकल चालूच ठेवून उभा होता. लोक पुलावरून उतरू लागले.

ठाणेदार टेबलापाशी आले. उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरला होता, बोटं आखडून गेली होती. "एक राह्यला," ते म्हणाले. "माहा. तू लिही, दिल्ली. मले पेन धरता येत नाई."

"तुमच्या नावावर तर इथं काहीच नाही," मी म्हटलं. घरसुद्धा ते भाड्यानं राहतात.

"लिही."

त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. 'विचारल्यावरून सांगतो की, जुनी कोहळबोडी उठवतेवेळी मी बंदोबस्तावर होतो. गिरजाबाई उंबरठ्यावरून उठत नव्हती. तिला उचलून बाहेर काढा, असा हुकूम शिपायांना मी द्यायचा होता. माझ्याने तो दिला गेला नाही. म्हणून मी हातातला कागद वाचत असल्याचे दाखवून सांगितले की, या लोकांना पुन्हा कधी उठवले जाणार नाही. कागदात तसे काही लिहिलेले नव्हते. ते वाक्य माझे आहे. लोक माझ्या शब्दावर निघाले. तरी त्यांना उठवण्याआधी मला बोलवावे आणि माझा जबाब घ्यावा.'

माझं पेन थांबलं. ते वाक्य मी डोक्यावर गादी घेऊन या कानांनी ऐकलं होतं. त्या वाक्याच्या भरवशावर मी इथं विहीर खोदली होती. मला राग आला, खूप आला. आणि त्याच वेळी या माणसाचा हात धरून त्याला खाली बसवावं असंही वाटलं. बारा वर्षं हा दिल्लीशी भांडत होता तो दिल्लीनं कधी न दिलेला शब्द पाळावा म्हणून, आणि हे सांगायला त्याच्याजवळ एक माणूस नव्हता. मी त्यांना पाणी दिलं. ते प्याले. मग डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली, मी पाकीट चिकटवलं, पावती काढली, आणि थैली गेली.

गिरजाबाई पुलाच्या टोकाशी काठी टेकून थांबली होती. आमच्यामुळे मागे राहिलेली ती एकटीच.

"गेले का कागद?" तिनं विचारलं.

"गेले, बाई," मी म्हटलं.

"ऐकतीन ना ते? त्यायचाच कागद तर वाचून दाखवला होता आपल्याले. मांग फिरन का सरकार?"

ठाणेदारांनी माझ्याकडे बघितलं. मी यंत्राची पिशवी बांधत होतो, ती बांधतच राहिलो.

"नाई फिरत," ठाणेदार म्हणाले. "सरकारचा शब्द हाय तो."